नकाशावरचा खेळ आणि क्लासचा सोस

नकाशावरचा आपला पहिला खेळ लिहायला बसलेला विद्यार्थी बहुधा आधी यादी करतो: खेळाडू, खोली, दार, राक्षस, किल्ली, बाण. मग यादीतल्या प्रत्येक नावाचा क्लास होतो, सगळ्यांच्या डोक्यावर ‘गेमऑब्जेक्ट’ नावाचा एक पूर्वज बसतो आणि खेळात एक पाऊल टाकता येण्याआधीच फायलींचा ढीग साचतो. ऑब्जेक्ट ओरिएंटेड रचना म्हणजे हेच, हा समज प्राणी-कुत्रा-मांजर छापाच्या उदाहरणांनी आणि तोंडी परीक्षेतल्या ‘चार खांब सांगा’ या प्रश्नाने पक्का केला आहे. वर्णनातल्या नामांवरून डेटाचे प्रकार आणि क्रियापदांवरून क्रिया शोधण्याची युक्ती रसेल ॲबट यांनी १९८३ साली एका लेखात मांडली होती. कच्ची यादी करायला ती बरी आहे; पण यादीलाच आराखडा मानले की फसगत होते. क्लास हवा की नको, हे खेळाचा कोणता नियम कोणी सांभाळायचा आणि उद्या काय बदलण्याची शक्यता आहे, यावरून ठरते.

‘हंट द वम्पस’ हा जुना खेळ तपासून पाहू. ग्रेगरी योब यांनी तो १९७३च्या सुमारास बेसिक भाषेत लिहिला. त्या काळचे शोधाशोधीचे खेळ चौकोनी जाळीवर चालत; योब यांनी २० गुहा द्वादशफलकाच्या कोपऱ्यांप्रमाणे जोडल्या आणि प्रत्येक गुहेतून तीन बोगदे काढले. आत एक वम्पस नावाचा राक्षस, दोन अथांग खड्डे, वटवाघळांच्या दोन गुहा. खेळाडूजवळ पाच बाण. हा सारा नकाशा म्हणजे २० ओळी आणि ३ रकान्यांचा आकड्यांचा तक्ता. जोडीला सहा घरांचा एक ॲरे: पहिल्या घरात खेळाडू कोणत्या गुहेत आहे तो क्रमांक, दुसऱ्यात वम्पसचा, पुढे खड्ड्यांचे आणि वटवाघळांचे. त्या बेसिकमध्ये क्लास नव्हतेच, तेव्हा ‘ऑब्जेक्टशिवाय असा खेळ लिहिताच येत नाही’ हा गैरसमज इथेच निकालात निघतो. आणि तो बाण बघा. नामांच्या यादीत त्याला मानाचे स्थान, पण प्रोग्रॅमला लागतो फक्त शिल्लक बाणांचा आकडा. एक बाण दुसऱ्याहून वेगळा नाही, त्याला लक्षात ठेवायचे काही नाही. मग त्याच्या क्लासमध्ये घालायचे काय? गुहेचेही तसेच. तिला वर्णन किंवा आत पडलेल्या वस्तू नाहीत, तोवर १ ते २० हा क्रमांक पुरतो.

यावर रास्त आक्षेप असा की, मग ऑब्जेक्ट हवेतच कशाला? उत्तर योब यांच्याच पुढच्या खेळात सापडते. ‘वम्पस २’मध्ये त्यांनी वेगवेगळ्या रचनेच्या गुहा दिल्या, त्यांतली एक मोबियस पट्टीवरची, आणि स्वतःचा नकाशा भरायचीही सोय होती. शिकारीचा खेळ तोच राहिला, नकाशा बदलला. डेव्हिड पार्नास यांनी १९७२च्या निबंधात हेच सूत्र मांडले होते: प्रोग्रॅमचे भाग कामाच्या क्रमाने पाडू नका, जो निर्णय बदलू शकतो तो एका भागाच्या आत लपवा. म्हणजे ‘नकाशा’ हा क्लास इथे खरोखर हवा आणि बाहेरच्यांनी त्याला एवढेच विचारावे: या गुहेतून कुठे जाता येते? आत तक्ता आहे, चौकोनी जाळी आहे की आणखी काही, याची चौकशी खेळाडूने करू नये.

सगळी फील्ड प्रायव्हेट केली, प्रत्येकाला गेटर-सेटर लावले, की एन्कॅप्सुलेशन झाले, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. समजा, खेळाडूत ‘माझी खोली’ नोंदली आणि खोलीतही ‘आत कोण आहे’ ही यादी ठेवली. सेटरने एक बदलले, दुसरे राहिले, की खेळाडू दोन ठिकाणी. एका शेताची नोंद दोन दप्तरांत ठेवून फेरफार एकातच केल्यासारखे ते आहे. इन्फोकॉम कंपनीच्या झेड-मशीनने हा प्रश्न नीट सोडवला होता. झॉर्कसारखे खेळ ज्यावर चालत त्या यंत्रणेत खोली, खेळाडू आणि कंदील हे सगळे एकाच तक्त्यातले, एकाच घडणीचे ऑब्जेक्ट. कोण कशात आहे याचा एक वृक्ष. वस्तू हलवायला एकच आज्ञा होती आणि वृक्षातले सगळे दुवे तीच दुरुस्त करी. ‘हलव’ ही एक मेथड दहा सेटरांपेक्षा मोलाची, कारण नियम तिच्यात राहतो.

इनहेरिटन्सचे प्रस्थ तर फारच. खड्डा, वटवाघळे आणि वम्पस हे तिन्ही ‘धोका’ या पूर्वजाचे वारस करावेत, असे कुणालाही वाटेल. पण खड्डा मारतो, वटवाघळे खेळाडूला उचलून दुसरीकडे टाकतात, आणि वम्पस स्वतः जागा बदलतो. शिवाय त्याला बाण लागू शकतो. तिघांत समान आहे ती एकच गोष्ट: खेळाडू आत आला की काय होईल, याचे उत्तर. तेवढा करार पुरे. मूळ खेळात वम्पसला खड्ड्याची वा वटवाघळांची बाधा होत नाही. हा नियम कोणत्याही वंशावळीत बसवणे कठीण, पण धोके फक्त खेळाडूचीच जागा तपासतात असे ठरवले की तो आपोआप पाळला जातो. गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडेस यांच्या १९९४च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या पुस्तकाने वारशापेक्षा जोडणीला पसंती द्या, असे स्पष्ट सांगितले आहे. शिकवताना मात्र अजूनही वारसाच आधी येतो.

कुणी म्हणेल, ऑब्जेक्टचा जन्मच खऱ्या जगाची नक्कल करायला झाला. अर्धे खरे आहे: नॉर्वेतल्या डाल आणि निगार्ड यांची सिम्युला ही भाषा प्रतिरूपणासाठीच घडली. पण स्मॉलटॉकचे जनक ॲलन के यांनी १९९८ साली लिहिले की, ऑब्जेक्ट या शब्दाने लोकांचे लक्ष गौण गोष्टीकडे गेले. मुख्य कल्पना एकमेकांना दिल्या जाणाऱ्या संदेशांची होती. तेव्हा सुरुवात वम्पसपासूनच करा. नकाशा, खेळाडू, धोके आणि पाळी चालवणारा खेळ, एवढ्यावर तो उभा राहतो. पाचव्या क्लासची फाईल उघडण्याआधी तो कोणता नियम सांभाळणार, हे एका वाक्यात लिहून पाहा. वाक्य जमले नाही, तर फाईल उघडू नका.