सार्वजनिक पोषणशास्त्र : घरबसल्या किती शिकता येते?

'पोषणशास्त्रातली पदव्युत्तर पदवी गावी राहून, ऑनलाइन करता येईल का?' कोकणातले विद्यार्थी, आणि त्यांतही विद्यार्थिनी, हा प्रश्न आपल्या शिक्षकांना विचारतात. प्रश्न रास्त आहे. रत्नागिरीहून मुंबई सव्वातीनशे किलोमीटरांहून अधिक दूर. तिथे राहण्या-जेवण्याचा खर्च सगळ्यांना परवडत नाही, आणि घरची परवानगी हा वेगळाच विषय. शाळेत नोकरी करणाऱ्या शिक्षिकेला दोन वर्षे रजा मिळणेही कठीणच.

या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. एक नियमाचे, दुसरे विज्ञानाचे. नियमाचे उत्तर थोडक्यात सांगता येते. विज्ञानाचे उत्तर मात्र जरा सावकाश समजून घ्यायला हवे, कारण नियम असा का झाला हेही त्यातूनच कळते.

नियम काय सांगतो?

आपल्याकडे आहारशास्त्र दूरशिक्षणाने शिकण्याची सोय बरीच वर्षे होती. १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा आहारशास्त्र व अन्नसेवा व्यवस्थापन या विषयातला एम.एस्सी. अभ्यासक्रम दूरशिक्षणाने चालत असे. पुढे काही विद्यापीठांनी ऑनलाइन पदव्याही सुरू केल्या.

२०२१ साली संसदेने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा केला. या कायद्याच्या परिशिष्टात 'पोषणविज्ञान व्यावसायिक' असा एक गट आहे. त्यात रुग्णालयातील आहारतज्ज्ञ येतो, तसाच सार्वजनिक आरोग्याचे काम करणारा पोषणतज्ज्ञही येतो. त्यानंतर २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन चालवू नयेत, असा निर्णय घेतला. अन्न व पोषणविज्ञान आणि आहारशास्त्र हे विषय त्यात आले. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून हा निर्णय लागू झाला.

म्हणजे एखादी संस्था आज 'घरबसल्या पोषणशास्त्राची भारतीय पदवी' देऊ करत असेल, तर पैसे भरण्यापूर्वी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता तपासलीच पाहिजे. परदेशी विद्यापीठाच्या ऑनलाइन पदवीबाबतही, ती आपल्याकडे नोकरीसाठी समकक्ष धरली जाईल का, हे आधी लेखी विचारून घ्यावे.

एक रुग्ण आणि एक तालुका

आता विज्ञानाकडे वळू. आहारतज्ज्ञापुढे एक माणूस बसलेला असतो. त्याला मधुमेह आहे, वजन इतके आहे, तर त्याने काय खावे हा तिथला प्रश्न. सार्वजनिक पोषणशास्त्रापुढे एक अख्खा तालुका असतो. तिथले प्रश्न निराळे : किती मुले खुरटलेली आहेत? कोणत्या वाड्यांत? का? आणि काय केले तर पाच वर्षांनी ती संख्या घटेल?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने उंचीला कमी, म्हणजे खुरटलेली आढळली. १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय होता. एवढ्या लोकांना एकेक करून आहाराचा तक्ता लिहून देता येणार नाही. त्यासाठी अंगणवाडी, शाळेतले जेवण, लोहाच्या गोळ्या, रेशनवरचे धान्य अशा योजना लागतात, आणि त्या लागू पडतात की नाही हे मोजणारी माणसे लागतात. ही माणसे घडवणे हे या पदवीचे काम.

पडद्यावर काय शिकता येते?

या अभ्यासक्रमाचे ढोबळ मानाने चार भाग पडतात : पोषणाचे जीवरसायन, संख्याशास्त्र व रोगप्रसारशास्त्र, योजना व धोरणे, आणि प्रत्यक्ष क्षेत्रकार्य. पहिले तीन भाग पडद्यावर चांगले शिकता येतात. काही बाबतींत तर वर्गापेक्षाही चांगले, कारण न समजलेला भाग पुन्हा पाहता येतो. मुंबईच्या आय.आय.टी.च्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने स्तनपान आणि बालआहार यांवर मराठीतही चित्रफिती केल्या आहेत. २०१७ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या व्यासपीठावर अनेक विषयांचे सुटे अभ्यासक्रम असतात.

एक उदाहरण घेऊ. शाळेतल्या मध्यान्ह भोजन योजनेत (१९९५ साली सुरू, २०२१ पासून नाव 'पीएम पोषण') प्राथमिक वर्गातील मुलाला रोज ४५० किलोकॅलरी ऊर्जा आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे ठरलेले आहे. त्यासाठी प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे प्रमाण आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांच्या आधारे हिशेब साधारण असा होतो :

तांदूळ १०० ग्रॅम : ३५६ किलोकॅलरी, ७.९ ग्रॅम प्रथिने
तूरडाळ २० ग्रॅम : ६६ किलोकॅलरी, ४.३ ग्रॅम प्रथिने
तेल ५ ग्रॅम : ४५ किलोकॅलरी
भाजी ५० ग्रॅम : सुमारे १५ किलोकॅलरी, १ ग्रॅम प्रथिने
एकूण : सुमारे ४८० किलोकॅलरी, १३ ग्रॅम प्रथिने

कागदावर योजना उत्तीर्ण झाली. हा हिशेब चिपळूणच्या मुलीने केला काय किंवा लंडनच्या विद्यार्थ्याने केला काय, उत्तर एकच येणार.

पण मुलाने ताटातला चौथा हिस्सा टाकला तर? ऊर्जा ३६० वर आणि प्रथिने १० ग्रॅमच्या खाली येतात. डाळ पातळ झाली आणि वरचे पाणीच वाढले गेले तर? शेवटच्या पंगतीला भाजी उरलीच नाही तर? हे प्रश्न ताटाशेजारी उभे राहिल्याशिवाय सुचत नाहीत. चौथा भाग इथून सुरू होतो.

एका सेंटिमीटरची किंमत

मूल खुरटलेले आहे हे कसे ठरवतात? जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह सहा देशांतील निरोगी, स्तनपानावर वाढलेल्या मुलांची मापे घेऊन २००६ साली वाढीची प्रमाणके प्रसिद्ध केली. त्यांनुसार एक वर्षाच्या मुलग्याची मध्यक लांबी ७५.७ सेंटिमीटर आहे. ७१.० सेंटिमीटरपेक्षा कमी लांबीचा मुलगा खुरटलेला समजला जातो.

समजा, एका मुलाची खरी लांबी ७१.५ सेंटिमीटर आहे. मोजताना त्याने गुडघा किंचित वाकवला आणि फळीवर ७०.५ दिसले. मूल तेच, पण नोंदीत ते 'खुरटलेले' झाले. उलट प्रकारही घडतो. पायाची फळी टाचेला न टेकता चवड्यांपाशीच थांबली, तर खरोखर खुरटलेले मूल 'ठीक' ठरते आणि मदतीच्या यादीतून गळते.

दोन वर्षांखालील मुलाला झोपवून मोजतात, त्याहून मोठ्याला उभे करून. एकाच मुलाच्या या दोन मापांत सरासरी ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो. लांबी मोजायला दोन माणसे लागतात : एक डोके धरायला, दुसरा गुडघे सरळ करून पायाची फळी सरकवायला. मूल रडत असते, आई धास्तावलेली असते. हे कसब शंभर मुले मोजल्यावर हाताला येते, चित्रफीत शंभरदा पाहून येत नाही. दंडाच्या घेराचेही तसेच. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर ते तीव्र कुपोषित ठरते. पट्टी जरा जास्त आवळली तर दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो.

'काल काय खाल्लंत?'

आहाराची पाहणी करण्याची एक रूढ पद्धत म्हणजे मागच्या २४ तासांत काय खाल्ले ते विचारणे. प्रश्नावली पडद्यावर सोपी दिसते. रत्नागिरीतल्या एखाद्या वाडीत ती घेऊन बसा, म्हणजे अडचणी कळतात. 'काय जेवलात?' या प्रश्नाच्या उत्तरात सकाळची पेज येईलच असे नाही, कारण पेज म्हणजे काही 'जेवण' नव्हे. पेजेत तांदूळ किती आणि पाणी किती, हे भांडे पाहिल्याशिवाय कळत नाही. 'एक वाटी आमटी' यातली वाटी प्रत्येक घरात वेगळी. मुलांनी रानात खाल्लेली करवंदे, जांभळे, काजूची बोंडे आईला ठाऊकच नसतात.

शिवाय ऋतू. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. तेव्हा ताज्या मासळीची जागा सुकट आणि सुके बोंबील घेतात. मे महिन्यात आंबा-फणस असतो, जुलैत नसतो. एकाच महिन्यात केलेल्या पाहणीवरून वर्षाचा निष्कर्ष काढला तर तो फसवा निघतो. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तांदळात त्या मानाने फारच कमी असते, हे पुस्तकात मिळते. नाचणी पिकवणाऱ्या घरातही ती ताटात रोज येते का, आणि येत नसेल तर का, हे मात्र त्या घरातच विचारावे लागते.

पुण्याच्या गावांपासून डेरवणपर्यंत

क्षेत्रकार्याने विज्ञान कसे बदलते, याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होते, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलो. पण कातडीखालच्या चरबीचे माप घेतले, तेव्हा निराळेच चित्र दिसले. आपली बाळे स्नायूंनी कमी होती, चरबीने मात्र तितकी कमी नव्हती. 'बारीक पण चरबीयुक्त' अशा या बाळांमुळे भारतीयांच्या मधुमेहाचा माग गर्भावस्थेपर्यंत नेता आला. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे आकाराने मोठी होती, हेही याच अभ्यासात आढळले. ही मापे नुसत्या वजनकाट्यावर थांबली असती तर यातले बरेच हाती लागले नसते.

रत्नागिरी जिल्ह्यातही असे काम चालू आहे. चिपळूण तालुक्यातील डेरवण येथील भ. क. ल. वालावलकर रुग्णालय व ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाने १६ ते १८ वर्षे वयाच्या मुलींचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला असून त्याची रूपरेषा २०२० साली प्रसिद्ध झाली. आजची किशोरी ही उद्याची माता. तिची शरीरमापे आणि रक्ततपासण्या आज नोंदवून पुढे तिच्या आणि तिच्या बाळाच्या आरोग्याशी त्यांचा संबंध तपासायचा, असा हा विचार आहे. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आणि रत्नागिरीतील शिरगावचे मत्स्य महाविद्यालय ही अन्नाशी निगडित दोन केंद्रेही याच जिल्ह्यात आहेत.

मग काय करावे?

आमचे मत असे की, प्रत्यक्ष कामाशिवाय पोषणाची पदवी देऊ नये हे तत्त्व बरोबर आहे. पण सरसकट बंदीची झळ बसते ती शहरापासून दूर राहणाऱ्यांना, आणि नेमके तिथेच या माणसांची गरज आहे. सिद्धान्त पडद्यावर आणि क्षेत्रकार्य जिल्ह्यातल्याच रुग्णालयात, अंगणवाड्यांत, अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली, ठरलेले तास मोजून, अशी जोड-पदवी रचता येईल. अमेरिकेतील सार्वजनिक आरोग्याच्या अनेक ऑनलाइन पदव्यांत असे क्षेत्रकार्य सक्तीचे असते. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात तर त्यासाठी लागणाऱ्या संस्था आधीपासून उभ्या आहेत.

तोपर्यंत विद्यार्थ्यांना आम्ही असे सुचवू : पदवीसाठी प्रत्यक्ष शिकवणारी संस्था निवडावी. मुंबईत एस.एन.डी.टी. विद्यापीठ आणि निर्मला निकेतन गृहविज्ञान महाविद्यालय आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतही शिक्षणाची सोय आहे. संख्याशास्त्र आणि जीवरसायन यांची तयारी मात्र आधीच ऑनलाइन करून ठेवावी. आणि कोणत्याही अभ्यासक्रमाची माहिती घेताना पहिला प्रश्न हा विचारावा : 'क्षेत्रकार्याचे तास किती, कुठे, आणि कोणाच्या देखरेखीखाली?' याचे नेमके उत्तर मिळाले नाही तर पुढे जाऊ नये.

शाळेत करून पाहा

१. आठवडाभर रोज, मुख्याध्यापकांच्या संमतीने, शिजलेल्या जेवणाचे आणि ताटांत उरलेल्या अन्नाचे वजन करा. कोणत्या दिवशी सर्वांत जास्त टाकले गेले? त्या दिवशी काय शिजले होते?

२. दहा विद्यार्थ्यांनी एकाच सहकाऱ्याची उंची स्वतंत्रपणे, एकमेकांची नोंद न पाहता, मोजावी. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मापात किती फरक पडला? योग्य पद्धत समजून घेऊन पुन्हा मोजा. फरक किती घटला?

३. प्रत्येकाने घरातली आमटीची वाटी पाण्याने भरून ते पाणी मापपात्रात मोजावे. वर्गातल्या सर्व वाट्यांची सरासरी काढा, आणि सर्वांत लहान व सर्वांत मोठी वाटी किती मिलिलिटरची ते फळ्यावर लिहा.

एक पथ्य पाळावे. मुलांची वजने-उंच्या वर्गात मोठ्याने वाचून दाखवू नयेत, आणि कोणालाही 'कुपोषित' म्हणून उभे करू नये. नोंदवहीत नावाऐवजी क्रमांक लिहावा. एखाद्या मुलाची काळजी वाटली तर पालकांशी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांशी वेगळे बोलावे. हेही सार्वजनिक पोषणशास्त्राच्या शिक्षणातलेच पाठ आहेत.