इतरांचा विसावा, सेवकांचा आठवडा : ख्रिस्ती क्रीडाकेंद्रातील कामाच्या स्वरूपाविषयी

'रिक्रिएशन' या इंग्रजी शब्दाला मराठीत निर्विवाद असा प्रतिशब्द नाही. 'करमणूक' म्हटले की नाटक-तमाशा डोळ्यांसमोर येतो. 'विरंगुळा' हा एकट्या माणसाचा शब्द आहे. 'क्रीडा' या शब्दाने केवळ खेळाचाच बोध होतो. मूळ शब्दात 'पुन्हा घडविणे' हा अर्थ आहे. कामाने झिजलेला मनुष्य पुन्हा घडवावयाचा, ही त्यामागील कल्पना. ख्रिस्ती संस्थांनी चालविलेल्या क्रीडाकेंद्रांचा, विशेषतः यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन म्हणजेच वाय.एम.सी.ए. या संस्थेच्या केंद्रांचा विचार करताना हा अर्थ सतत समोर ठेवावा लागतो. परंतु हे पुन्हा घडविण्याचे काम ज्यांनी करावयाचे, त्या सेवकवर्गाचा आठवडा कसा असतो? आपल्याकडे ही संस्था पुष्कळांना प्रवासात उतरण्याची सोयीची जागा म्हणूनच ठाऊक असल्याने हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

संस्थेचा जन्म फावल्या वेळेच्या दुर्भिक्षातून झाला. ६ जून १८४४ रोजी लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स या बावीस वर्षांच्या कापडदुकानातील नोकराने आपल्या सोबत्यांसह ती स्थापन केली. हे तरुण दुकानाच्या वरच्याच मजल्यावर राहत आणि आठवड्यातील सहा दिवस, दिवसाचे बारा-चौदा तास, राबत. प्रार्थना आणि बायबलचे वाचन एवढाच आरंभीचा कार्यक्रम होता. त्यासाठी एक खोली पुरे. सेवकवर्ग लागत नाही. पुढे अमेरिकेतील शहरांत संस्थेने व्यायामशाळा बांधल्या, मागाहून पोहण्याचे तलाव आले, आणि चित्र बदलले. प्रार्थना संपल्यावर खोलीला कुलूप लावून निघून जाता येते. व्यायामशाळेत मात्र कोणीतरी किल्ल्या सांभाळावयाच्या, पाणी तापवावयाचे, नवख्याचा हात मोडणार नाही हे पाहावयाचे असते. पगारी सेवकाची गरज इथे निर्माण झाली.

या सेवकाला संस्थेने 'सेक्रेटरी' हे नाव दिले. मराठीत त्याला 'चिटणीस' म्हणता येईल, पण त्यामुळे अर्थाचा घोटाळा होतो. आपला चिटणीस कागद सांभाळतो. हा सेक्रेटरी माणसे सांभाळीत असे. तो धर्मोपदेशक नव्हता आणि निव्वळ नोकरही नव्हता. त्याच्या कामाला 'पाचारण' मानले जाई, म्हणजे ईश्वराने घातलेली साद. ज्या कामाला साद मानले जाते त्याचे तास मोजण्याचा संकोच वाटतो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

हे सेक्रेटरी तयार करणारी शाळा मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे होती. बास्केटबॉलचा जन्म तेथे झाला हे सर्वश्रुत आहे. तो कोणत्या वर्गासाठी झाला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. १८९१ च्या हिवाळ्यात तेथे अठरा प्रौढ विद्यार्थ्यांचा एक वर्ग होता. हे सारे भावी सेक्रेटरी. कवायती आणि उपकरणांवरचे व्यायाम यांना ते विटले होते आणि दोन शिक्षकांनी त्यांच्यापुढे हात टेकले होते. विभागप्रमुख ल्यूथर गलिक यांनी तो वर्ग जेम्स नायस्मिथ यांच्याकडे सोपविला आणि नवा खेळ शोधण्यासाठी चौदा दिवसांची मुदत दिली. नायस्मिथ हे कॅनडातून आलेले, धर्मशास्त्र शिकलेले गृहस्थ. व्यासपीठापेक्षा व्यायामशाळेत माणसे अधिक घडतात, असे त्यांना वाटू लागले होते. त्यांनी शाळेच्या देखभाल-कर्मचाऱ्याकडे दोन चौकोनी खोकी मागितली. खोकी नव्हती, तळघरात पीच फळांच्या दोन टोपल्या होत्या, त्या त्याने आणून दिल्या. सज्जाच्या कठड्याला, जमिनीपासून दहा फुटांवर, त्या ठोकल्या गेल्या. नऊ विरुद्ध नऊ असा पहिला सामना झाला आणि त्यात एकच गोल नोंदला गेला. टोपल्यांना बूड असल्यामुळे आत पडलेला चेंडू दर वेळी कोणीतरी वर चढून काढावा लागे. जगभर पसरलेला हा खेळ मुळात उद्याच्या सेवकांचा कंटाळा घालविण्यासाठी जन्मला, आणि त्याचे पहिले साहित्य झाडलोट पाहणाऱ्या माणसाने पुरविले. क्रीडेतिहासाच्या ग्रंथांत या दोन्ही गोष्टी गमतीदार किस्सा म्हणून येतात. मला त्या किस्सा वाटत नाहीत.

खेळ लोकप्रिय झाला तसा सेवकांपुढे नवा पेच उभा राहिला. ज्या जागेत साठ माणसे कवायत करीत, ती आता वीसएक खेळाडू अडवू लागले. कामधंद्यातील प्रौढांना हा खेळ दमछाक करणारा वाटे. म्हणून होल्योक येथील केंद्राचे शारीरिक शिक्षण-संचालक विल्यम मॉर्गन यांनी १८९५ मध्ये जाळीवरून चेंडू टोलविण्याचा सौम्य खेळ रचला. त्यालाच पुढे व्हॉलीबॉल हे नाव मिळाले. जागा एक आणि मागणारे अनेक, या विवंचनेतूनच अशा केंद्राचे साप्ताहिक वेळापत्रक तयार होते. पहाटे नोकरदार पोहणारे, दुपारी वयस्क, शाळा सुटल्यावर मुले, सायंकाळी संघांचे सामने. इतरांना सवड असते तेव्हा सेवकाला सवड नसते. त्याची दुपार रिकामी, संध्याकाळ गर्दीची. सोमवार हिशेबाचा आणि दुरुस्तीचा, शनिवार पाय टेकू न देणारा. त्याच्या मुलांची सुट्टी आणि त्याची सुट्टी एका वारी येत नाही.

आपल्या तालमीशी याची तुलना करून पाहावी. तालमीतही वार आहेत, शनिवार मारुतीचा. परंतु वस्तादाचा आठवडा कामाच्या पाळ्यांत विभागलेला नसतो. तो तालमीचा घरधनीच असतो आणि त्याचा मान गुरूचा असतो. क्रीडाकेंद्रातील सेवकाकडून वस्तादाच्या निष्ठेची अपेक्षा केली जाते. मान मात्र त्याला वेळापत्रकाप्रमाणे हजर राहणाऱ्या नोकराचा मिळतो.

सर्वांत अवघड प्रश्न रविवारचा. ख्रिस्ती परंपरेत तो प्रभूचा दिवस, विश्रांतीचा आणि उपासनेचा. एकोणिसाव्या शतकात या संस्थेच्या व्यायामशाळा रविवारी सामान्यतः बंद असत. अर्थात त्यामुळे सेक्रेटरी मोकळा होत नसे, कारण त्याच दिवशी बायबलचे वर्ग आणि पुरुषांच्या सभा भरत. मुंबईत रविवारच्या सुट्टीला निराळा आधार मिळाला. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी ती मान्य झाली. रविवार हा खंडोबाचा वार, असाही युक्तिवाद तेव्हा झाल्याचे सांगितले जाते. म्हणजे एकच वार एकीकडे ईश्वराची आज्ञा म्हणून आला, दुसरीकडे कष्टकऱ्यांचा हक्क म्हणून. क्रीडाकेंद्राच्या सेवकाच्या बाबतीत या दोहोंची टक्कर होते. कामगाराला आणि कारकुनाला रविवारी सवड मिळाली, म्हणूनच केंद्र रविवारी उघडे ठेवणे भाग पडले. आज अमेरिकेतील कित्येक केंद्रे रविवारी उपासनेची वेळ टळल्यावर, दुपारी, दार उघडतात. तडजोड समंजस आहे. पण दुपारी दार उघडावयाचे तर तलावाचे पाणी सकाळीच तपासावे लागते.

१९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एरिक लिडेल याने शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी असल्यामुळे त्या शर्यतीत धावण्यास नकार दिला आणि पुढे चारशे मीटरचे सुवर्णपदक जिंकले. खेळाडूचा नकार इतिहासात जातो. जलतरण तलावावरच्या रक्षकाने असा नकार दिला, तर त्याची जागा कोणी घ्यावयाची हे सायंकाळपर्यंत ठरवावे लागते, एवढेच.

त्याच ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय चमूसोबत हॅरी क्रो बक हे होते. त्यांनी १९२० मध्ये मद्रास येथे संस्थेचे शारीरिक शिक्षण विद्यालय सुरू केले. चेन्नईतील नंदनम येथे ते आजही चालू आहे. बक यांचे सहकारी ए. जी. नोहरेन हे १९२७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय ऑलिंपिक संघटनेचे सचिव होते आणि अध्यक्षपदी दोराबजी टाटा होते. सेक्रेटरी नावाचा तो घडविणारा मनुष्य भारतात आला तो असा. येथील प्रशिक्षितांतील पुष्कळांनी शाळा-महाविद्यालयांत क्रीडाशिक्षकाची नोकरी पत्करली. शाळेला सुट्ट्या असतात आणि तिचा दिवस संध्याकाळी संपतो, हे कारण त्यामागे नसेलच असे म्हणवत नाही.

केंद्रांतून आता पूर्णवेळ सेवक थोडे आणि अर्धवेळ तरुण-तरुणी पुष्कळ असतात. त्यांच्यापैकी अनेक जण ख्रिस्ती नसतात आणि पाचारणाची भाषा त्यांना परकी वाटते. ते तास मोजतात. जुन्या सेवकांना याचा विषाद वाटतो, आणि तो खोटा नाही. मुलाचे नाव लक्षात ठेवणे, दोन दिवस न आलेल्या वृद्धाची चौकशी करणे, ही कामे कोणत्याच पाळीत बसत नाहीत. परंतु ज्या संस्थेचा उगम दुकानातील नोकरांच्या न संपणाऱ्या तासांतून झाला, तिच्याच छपराखाली कोणी घड्याळाकडे पाहिले तर तो निष्ठेचा अभाव कसा मानावा? जॉर्ज विल्यम्सचे सोबतीही दुकानाची फळी केव्हा पडते याचीच वाट पाहत असत.