विश्लेषण : कंद कमी निघाले, म्हणजे शेतकरी कमी पडला का?

उपवासाचा साबुदाणा आपल्याकडे ज्या कंदापासून तयार होतो, तो कसावा जगात सर्वाधिक पिकतो नायजेरियात. तिथले वार्षिक उत्पादन सुमारे ६ कोटी टन आहे. यातला मोठा वाटा छोट्या शेतकऱ्यांचा, पण हेक्टरी उत्पादन भारताच्या तुलनेत बरेच कमी. दोष शेतीच्या पद्धतीत, की हाती असलेल्या साधनांत? हे ठरवण्यासाठी अर्थतज्ज्ञ शेतकऱ्याची ‘तांत्रिक कार्यक्षमता’ मोजतात.

ती मोजतात कशी?

हेक्टरी किती टन, ही झाली उत्पादकता. कार्यक्षमतेचा प्रश्न वेगळा आहे : तेवढीच जमीन, बेणे, खत आणि मजूर वापरून जास्तीत जास्त किती पीक आले असते? समजा, सारख्या साधनांत परिसरातल्या सर्वोत्तम शेतकऱ्याने १० टन काढले आणि दुसऱ्याने ७, तर दुसऱ्याचा गुणांक ०.७. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ एम. जे. फॅरेल यांनी १९५७ मध्ये या मोजणीचा पाया घातला.

पाऊसच कमी पडला तर?

१९७७ मध्ये मांडलेली ‘स्टोकॅस्टिक फ्रंटियर’ पद्धत पाऊस, कीड यांसारखा नशिबाचा भाग संख्याशास्त्राने वेगळा काढते. १९७८ च्या ‘डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस’च्या मूळ रूपात ही सोय नाही. तिथे सगळी तूट शेतकऱ्याच्या खात्यावर जमा होते.

कंदपिकांतच अडचण का?

भात एकदा कापला की पोती मोजता येतात. कसावा उपटल्यावर दोन-तीन दिवसांत खराब होऊ लागतो. म्हणून शेतकरी तो जमिनीतच ठेवतो आणि लागेल तसा महिनोन् महिने काढतो. वर्षाअखेरीस ‘किती निघाला?’ असे विचारले की घरी शिजवलेल्या कंदांचा हिशेब सुटतो. मलावीतील एका प्रयोगात रोजची नोंदवही आणि आठवड्यातून दोनदा फोन, अशा पद्धतीने मोजलेले उत्पादन आठवणीवर सांगितलेल्या आकड्यापेक्षा बरेच जास्त भरले. शिवाय लहान तुकड्यांचे क्षेत्र शेतकरी अनेकदा प्रत्यक्षापेक्षा जास्त सांगतात. कसाव्यात मका आंतरपीक असेल आणि तो मोजलाच नाही, तर गुणांक आणखी घसरतो.

गुणांक चुकल्याने बिघडते काय?

गुणांक कमी आला, तर सरकार प्रशिक्षणावर भर देते. तो जास्त असेल, तर आहे त्या साधनांतून शेतकरी शक्य तेवढे काढतोच आहे. अशा वेळी त्याला हवे असते सुधारित बेणे, खत, कर्ज आणि बाजारापर्यंतचा रस्ता. तुलना परिसरातल्याच सर्वोत्तम शेतकऱ्याशी होत असल्याने ०.९ गुणांक असलेल्याचे उत्पादनही तुटपुंजे असू शकते. मोजणी कच्ची राहिली, तर ज्याला बेणे द्यायला हवे त्याला सरकार शिकवत बसेल. त्यामुळे कार्यक्षमतेचा आकडा वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा : कंद मोजले, की फक्त विचारले?