आतला वण

कापलेल्या बोटावर खपली धरते, ती पडते आणि वण उरतो. वण म्हणजे कोलॅजेन या चिवट प्रथिनाच्या तंतूंचे ठिगळ. यकृत, फुप्फुसे, मूत्रपिंडे यांच्या जखमाही अशाच भरतात. मात्र बोट एकदाच कापते; दारू, हिपॅटायटिस बीचा विषाणू किंवा साचलेली चरबी यकृताला रोज इजा करते. इजा थांबत नाही म्हणून डागडुजीही थांबत नाही, आणि ठिगळांखाली मूळ वस्त्रच दिसेनासे होते. यालाच फायब्रोसिस म्हणतात.

यकृतात हे ठिगळ लावते कोण? १८७६ मध्ये कुप्फर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने सोन्याच्या क्षाराने यकृताचे काप रंगवले, तेव्हा त्याला चांदणीच्या आकाराच्या पेशी दिसल्या. पुढे त्यानेच त्यांची दुसऱ्या पेशींशी गल्लत केली आणि जवळजवळ शंभर वर्षे हे घोंगडे भिजत पडले. एरवी या तारकापेशी जीवनसत्त्व ‘अ’चे थेंब साठवून निवांत असतात. शेजारच्या पेशी मरू लागल्या की टीजीएफ-बीटासारखे रासायनिक निरोप येतात. मग त्या आपली शिदोरी टाकून देतात, स्नायूंसारख्या आकुंचन पावतात आणि कोलॅजेन तयार करत सुटतात. मऊ यकृत कडक, गाठाळ होते; रक्ताची वाट अडते. लाएनेकने १८१९ मध्ये अशा यकृताच्या पिंगट रंगावरून ग्रीक शब्द घेऊन त्याला सिरोसिस हे नाव दिले.

सिरोसिस झाला की परतीची वाट बंद, असे वैद्यकात फार काळ मानले जाई. २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका अभ्यासात हिपॅटायटिस बीमुळे सिरोसिस झालेल्या ९६ जणांचे यकृत पाच वर्षांच्या टेनोफोविर उपचारानंतर पुन्हा तपासले होते. ७१ जणांत सिरोसिस उरला नव्हता! हे औषध तंतूंना हातही लावत नाही, फक्त विषाणूला दाबते. कोलॅजेन कापणारी विकरे शरीराकडे असतातच. इजा थांबल्यावर त्यांना सवड मिळाली.

सुपारीमुळे तोंडात होणाऱ्या सबम्यूकस फायब्रोसिसमध्ये मात्र गोष्ट वेगळी आहे. सुपारीतले तांबे कोलॅजेनचे धागे एकमेकांना बांधणाऱ्या विकराला जोर देते. अशा घट्ट गाठी सहजी उकलत नाहीत. त्यामुळे सवय सुटली तरी आखडलेले तोंड सहसा पूर्ववत उघडत नाही, आणि कर्करोगाची भीती राहते ती वेगळीच. यासाठी तंबाखूही लागत नाही, नुसती सुपारी पुरते. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आली. तबकातली साधी सुपारी तिच्या कक्षेत नाही.