कर्बी यांची रेषा

व्यंगचित्रकथा म्हणजे पोरखेळ, असे मानणाऱ्यांनी जॅक कर्बी यांची चित्रे एकवार अवश्य पाहावीत. न्यूयॉर्कमधील गरीब ज्यू कुटुंबात १९१७ साली जन्मलेल्या या चित्रकाराने, अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वीच, मुखपृष्ठावर कॅप्टन अमेरिकाचा ठोसा हिटलरच्या जबड्यावर लगावला होता! वाचकाच्या अंगावर येणारी मूठ, चौकटीत न मावणारे देह, काळ्या ठिपक्यांच्या पुंजक्यांतून उसळणारी ऊर्जा. शरीरशास्त्र क्वचित चुकेल, वेग नाही. १९६१ पासून स्टॅन ली यांच्यासह त्यांनी फँटॅस्टिक फोर, हल्क उभे केले. मोबदला मात्र पानांच्या हिशेबाने. हजारो मूळ चित्रांपैकी थोडीच १९८७ साली परत मिळाली, तीही झगडून. १९९४ साली ते निवर्तले. मार्व्हलने वारसांशी तडजोड केली ती २०१४ साली. हा विलंब आम्हांस सलतो.