विश्वास आणि पावती

गाडी सर्व्हिसिंगला दिली. ‘ऑइल बदलले, ब्रेक आवळले’ असे मेकॅनिकने सांगितले. आपण पैसे मोजले. काम खरोखर झाले की नाही, हे मात्र आपणांस कळत नाही. शहाद्याहून तोरणमाळचा घाट मोटारसायकलीने चढणाऱ्या-उतरणाऱ्या शिक्षकापुढे हा प्रश्न केवळ पैशांचा नसून जिवाचा आहे.

अर्थशास्त्राला ही अडचण अपरिचित नाही. विक्रेत्याला ठाऊक असलेले ग्राहकाला ठाऊक नसले, की बाजार कसा नासतो, हे जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले. १९७३ मध्ये डार्बी आणि कार्नी यांनी पुढची गोष्ट मांडली: दुरुस्तीसारख्या सेवेची खरोखर गरज होती काय, हे पैसे दिल्यानंतरही ग्राहकाला उमगत नाही.

मग सर्वांवरच संशय घ्यावा काय? तसे केल्यास ग्राहक केवळ स्वस्ताई पाहील आणि वेळ खर्चून नीट काम करणारा प्रामाणिक मेकॅनिकच आधी बुडेल. लहान गावात चांगले नाव हेच त्याचे भांडवल असते. पण नावालाही पुराव्याची जोड हवी. बदललेला जुना भाग मागून घ्यावा, केलेली कामे पावतीवर लिहून घ्यावीत, घाटाला लागण्यापूर्वी सपाटीवर ब्रेक तपासावा. पावती न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. प्रामाणिक माणसाला लबाडापासून वेगळे ओळखण्याची ती रीत आहे.