गरोदरपणातली शुगर टेस्ट: एकदा नॉर्मल आली तरी दुसऱ्यांदा का करायची?

‘आमच्या घरात कुणालाच शुगर नाही, मग ही टेस्ट कशाला?’ ग्लुकोजच्या पाण्याचा ग्लास हातात आला की हा प्रश्न हमखास येतो. पण गरोदरपणातला मधुमेह बहुतेक वेळा कोणतंच लक्षण दाखवत नाही. त्यामुळे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ही तपासणी प्रत्येक गरोदर महिलेची करायची असते.

शरीरात काय घडतं?

वारेतून तयार होणारी हार्मोन्स आईच्या इन्सुलिनचा परिणाम कमी करतात. स्वादुपिंडाने जास्त इन्सुलिन बनवलं तर निभावतं, नाहीतर साखर वाढते. ही साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळ स्वतःच जास्त इन्सुलिन बनवू लागतं आणि त्याचं वजन वाढतं. प्रसूती अवघड होऊ शकते. नाळ कापली की साखरेचा पुरवठा थांबतो, पण बाळाचं इन्सुलिन लगेच कमी होत नाही. त्यामुळे जन्मानंतर काही तासांतच त्याची साखर धोकादायकरीत्या घसरू शकते.

टेस्ट कशी होते?

७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिली पाण्यात घालून ५ ते १० मिनिटांत प्यायचं. दोन तासांनी रक्त तपासतात. साखर १४० किंवा त्याहून जास्त असेल तर गरोदरपणातला मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर टेस्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची.

या टेस्टला उपाशी यावं लागत नाही, आणि माझ्या मते तिची खरी ताकद हीच आहे. वाडीवरून एसटीने आलेल्या बाईला ‘उद्या उपाशीपोटी या’ म्हटलं, तर ती येईलच याची खात्री कोण देणार?

खासगी लॅबमध्ये अनेकदा उपाशीपोटी, एक तासाने आणि दोन तासांनी असं तीनदा रक्त घेतात. तिथले आकडे ९२, १८० आणि १५३. पद्धत वेगळी, म्हणून आकडेही वेगळे. व्हॉट्सअॅपवर मैत्रिणीचा रिपोर्ट शेजारी ठेवून घाबरू नका.

पहिली टेस्ट पहिल्याच तपासणीला होते. ती नॉर्मल आली तरी २४ ते २८ आठवड्यांदरम्यान पुन्हा करायची, कारण हार्मोन्सचा जोर तोवर वाढलेला असतो. नेमकी हीच टेस्ट राहून जाते. सातव्या महिन्यात माहेरी जायची गडबड असते आणि फाइल सासरीच राहते.

पॉझिटिव्ह आली तर?

आधी दोन आठवडे आहार आणि चालणं. जेवण बंद करायचं नाही, थोडं थोडं विभागून खायचं. तरीही जेवणानंतर दोन तासांनी साखर १२० किंवा त्याहून जास्त राहिली, तर डॉक्टर मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन सुरू करतात.

बाळंतपणानंतर बहुतेकींची साखर पूर्वपदावर येते. तरी सहा आठवड्यांनी हीच ७५ ग्रॅमची टेस्ट पुन्हा करायची असते, यावेळी मात्र उपाशीपोटी. बाळाच्या दीड महिन्याच्या लसीची तारीखही तेव्हाच येते, त्याच फेरीत आईचंही रक्त देता येतं.